कृषी सल्ला: कांदा, बियाणे आणि उसाचे बिल; अधिकार कोणाचा आणि अर्ज कोठे करावा?

या पंधरवड्यात आलेल्या तीन पत्रांचा मूळ प्रश्न एकच आहे. कांदा उत्पादक विचारतात, की निर्यातबंदीने भाव पडले तेव्हा बाजार समिती गप्प का बसली. सोयाबीन न उगवलेल्या एका शेतकऱ्यास ‘बियाण्याचा कायदा दिल्लीचा आहे’ असे सांगून परत पाठवण्यात आले. तिसऱ्या पत्रात थकलेल्या ऊसबिलाची तक्रार आहे.

शेती हा राज्याचा विषय आहे, ही समजूत चुकीची नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत 14 व्या क्रमांकावर शेती आहे; पाणी, जमीन आणि बाजार हे विषयही त्याच सूचीत येतात. मात्र माल बांधाबाहेर पडला की अधिकाराची वाटणी बदलते. आयात-निर्यात संघसूचीत, म्हणजे केंद्राकडे आहे, तर अन्नधान्य, तेलबिया, कच्चा कापूस यांचा व्यापार व पुरवठा 1954 च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीनंतर समवर्ती सूचीत आहे. तेथे दोन्ही सरकारांना कायदा करता येतो, पण विरोध आल्यास सामान्यतः संसदेचा कायदा वरचढ ठरतो.

कांद्याचे पाहा. ऑगस्ट 2023 मध्ये लावलेले 40 टक्के निर्यातशुल्क, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेली बंदी, मे 2024 मध्ये टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य ठेवून उठवलेली बंदी आणि एप्रिल 2025 पासून रद्द झालेले शुल्क, हे सारे निर्णय केंद्राचे होते. बाजार समितीला किंवा राज्य सरकारला ते फिरवता येत नाहीत. राज्य फक्त मागणी करू शकते. म्हणून निर्यातीविषयीचा ग्रामसभेचा ठराव खासदारांकडे आणि केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाकडे पाठवावा. मात्र मापात फरक, बेकायदा कपात किंवा व्यापाऱ्याने थकवलेले पैसे ही तक्रार 1963 च्या राज्य पणन कायद्याखालील असल्याने ती बाजार समितीकडे आणि तेथे दाद न लागल्यास जिल्हा उपनिबंधकांकडे करावी. या दोन तक्रारी एकाच अर्जात घालू नयेत, कारण अशा अर्जावर कोणीच निर्णय देऊ शकत नाही.

बियाण्याच्या पत्राने मला सर्वांत अधिक वाईट वाटले, कारण त्या शेतकऱ्याला दिलेले उत्तर अर्धेच खरे होते. बियाणे कायदा 1966 चा आणि संसदेचा आहे, हे बरोबर. परंतु त्याची अंमलबजावणी करणारे बियाणे निरीक्षक राज्य सरकार नेमते, विक्रीचा परवाना राज्याचे अधिकारी देतात आणि नमुनेही तेच घेतात. खते व कीटकनाशकांचीही स्थिती अशीच आहे: नियम केंद्राचे, तपासणी राज्याची. त्यामुळे उगवण झाली नाही असे दिसताच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतात येऊन पंचनामा करेपर्यंत दुबार पेरणीसाठी सर्व क्षेत्र मोडू नये. निदान एक पट्टा तसाच राखावा. पक्के बिल, पिशवी, तिच्यावरील टॅग आणि थोडे उरलेले बियाणे जपून ठेवावे. येथे एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: बियाणे कायद्याने विक्रेत्यास वा कंपनीस शिक्षा होऊ शकते, पण तुमच्या हातात भरपाई पडत नाही. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागते, आणि बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केलेले आहे. पंचनाम्याची प्रत तेथे तुमचा मुख्य पुरावा ठरते.

उसाचा रास्त व किफायतशीर दर केंद्र सरकार 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली ठरवते, परंतु वसुलीची यंत्रणा राज्याची आहे. ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे न मिळाल्यास त्या थकबाकीवर वार्षिक 15 टक्के व्याज मागण्याचा हक्क याच आदेशात आहे. वजनपावत्या आणि बँक पासबुकाची प्रत जोडून पुण्याच्या साखर आयुक्तांकडे अर्ज करावा. त्यांनी वसुली प्रमाणपत्र दिल्यावर जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतात. अर्जात व्याजाची मागणी स्पष्टपणे लिहावी.