नियोजित अर्थव्यवस्थेत, म्हणजे काय आणि किती बनवायचं हे सरकारच ठरवतं तिथं, सगळ्यांना सारखाच मोबदला मिळतो का?

नाही. सोव्हिएत संघाचंच बघा. 1931 मध्ये खुद्द स्टालिननं सरसकट सारख्या पगारावर जाहीर टीका केली. कारखान्यांत कौशल्यानुसार वेतनश्रेण्या होत्या आणि बऱ्याच ठिकाणी नगावर मजुरी मिळायची.

शेतीतला हिशेब मात्र मला जास्त अन्यायाचा वाटतो. सामूहिक शेतावर काम ‘त्रुदोदेन’ म्हणजे ‘श्रमदिना’त मोजत. 1933 च्या कोष्टकाप्रमाणे हलक्या कामाचा एक दिवस अर्धा धरला जायचा, तर कसबी कामाचा दोन. म्हणजे दिवसभर राबूनही वहीत पडायचा अर्धाच. त्या श्रमदिनाची किंमतही आधी ठाऊक नसायची. सरकारचं धान्य, बियाणं, यंत्रांचं देणं हे सगळं वळतं झाल्यावर जे उरेल त्याची वाटणी. काही वर्षी हाती जवळपास काहीच यायचं नाही, घर चालायचं ते परसातल्या बटाट्यांवर आणि एखाद्या गाईवर. ठरलेलं मासिक वेतन या शेतकऱ्यांना मिळू लागलं ते थेट 1966 पासून.

खाणीतलं उदाहरण स्ताखानोव या सोव्हिएत खाणकामगाराचं. ऑगस्ट 1935 मध्ये त्यानं एका पाळीत 102 टन कोळसा काढला. ठरलेलं प्रमाण होतं 7 टन! पण तो फक्त कोळसा फोडत होता, मागून लाकडी टेकू लावणारे दोघे वेगळे होते. नाव मात्र एकट्याचं झालं, आणि पुढच्याच वर्षी अनेक उद्योगांत कामाचं प्रमाण वाढवलं गेलं. तेवढ्याच पैशांसाठी बाकीच्या कामगारांना जास्त राबावं लागलं.