पॉट बदलल्यावर ट्रेबल आणखी बिघडला? जुना पॉट फेकला नाही ना?

दादा, तुमची तक्रार मला कळली ती अशी. बँजो पार्टीतला साठ वॅटचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प आहे. विसर्जनानंतर ट्रेबल (उंच स्वर कमी-जास्त करायचं बटण) फिरवला की खरखर सुरू झाली. मेकॅनिकने स्प्रे मारला, पंधरा दिवस बरं चाललं, मग परत तेच. म्हणून त्याने पॉट, म्हणजे बटणामागचा तीन पायांचा फिरता रेझिस्टन्स, बदलला. आता बटण मध्यावर असलं की बँजो घोंगडीखालून वाजल्यासारखा येतो, तीनच्या काट्याच्या आसपास कुठे नीट होतो आणि पुढे एकदम किंचाळतो. खरखर थोडी राहिलीच आहे. आता तो म्हणतोय अख्खा बोर्ड बदला.

बोर्डाला एवढ्यात हात लावू नका. मला यात दोन वेगळ्या भानगडी दिसतात. एक जुनी, आणि एक दुरुस्तीतून आलेली.

आधी नवी बघू. तुमच्या बटणाच्या मध्यावर शून्य आहे आणि दोन्हीकडे अधिक-उणे, म्हणजे आतलं सर्किट बहुधा बॅक्सँडॉल पद्धतीचं. पीटर बॅक्सँडॉल या इंग्रज इंजिनिअरने ते १९५२ साली 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये छापलं, आणि आजही बहुतेक स्वस्त अ‍ॅम्पमध्ये त्याचीच भावंडं असतात. यात पॉटचं एक टोक येणाऱ्या आवाजाकडे, दुसरं पुढच्या आयसीच्या (आवाज वाढवणाऱ्या चिपच्या) आउटपुटकडे. मधला पाय, म्हणजे बटणाबरोबर सरकणारा, दोघांच्या बरोबर मध्ये असला की आवाज सपाट, ना वाढ ना घट. म्हणून इथे लिनिअर पॉटच लागतो, म्हणजे जितकं फिरवाल त्याच प्रमाणात रेझिस्टन्स बदलणारा. काउंटरवर 'शंभर के (एक लाख ओहम) द्या' म्हटलं की पुष्कळदा व्हॉल्यूमचा लॉग पॉट हातात पडतो. दिसायला जुळा भाऊ! पण लॉग पॉट अर्धा फिरवला तरी रेझिस्टन्स दहा-पंधरा टक्केच झालेला असतो. म्हणजे बटण मध्यावर दिसतं, सर्किटला मात्र वाटतं की तुम्ही ट्रेबल जवळजवळ पूर्ण कापलाय. अर्धा रेझिस्टन्स यायला बटण ऐंशी टक्क्यांच्या आसपास न्यावं लागतं, आणि घड्याळात मोजलं तर तो तीनचाच काटा. तुमचं वर्णन इतकं तंतोतंत बसतंय की मी यावर वडापावची पैज लावायला तयार आहे.

पॉटच्या पाठीवर बघा. हल्ली मिळणाऱ्या मालावर 'बी १००के' म्हणजे लिनिअर, 'ए १००के' म्हणजे लॉग. पण काही जुन्या युरोपीय मालावर हे नेमकं उलट असतं, म्हणून अक्षरापेक्षा मल्टिमीटरवर विश्वास ठेवा. पॉट बोर्डावरून काढा, मध्यावर आणा, मधल्या पायापासून दोन्ही टोकं मोजा. पन्नास-पन्नास हजार ओहमच्या आसपास आलं तर लिनिअर, बारा आणि अठ्ठ्याऐंशी हजार असं काही आलं तर लॉग. बोर्डावर असताना मोजू नका, बाजूचे पार्ट समांतर येऊन आकडा खोटा दाखवतात. जुना पॉट अजून घरात असेल तर तोही तसाच मोजा, उत्तर लगेच मिळेल.

आता जुनी भानगड, खरखर. माझ्याकडे गणेशोत्सवानंतर असे अ‍ॅम्प दरवर्षी येतात. एकदा पॉटचं पत्र्याचं झाकण उचकटलं तर आतला काळा कार्बन ट्रॅक अख्खा गुलाबी. दांड्याच्या फटीतून गुलाल आत, वर पावसाची ओल, त्याचा लगदा झालेला. तशा पॉटला स्प्रे मारला की लगदा फक्त बाजूला सरकतो, जात नाही. (तो स्प्रे कॉन्टॅक्ट क्लीनरच होता ना? गंज सोडवायचं तेल मारलं असेल तर त्यावर उलट धूळ चिकटते.) पण तुमच्याकडे नवा पॉटही खरखरतोय, म्हणजे गुलाल निर्दोष सुटला.

नवा पॉट खरखरतो तेव्हा मला पहिला संशय येतो डीसीचा, म्हणजे एकाच दिशेच्या स्थिर व्होल्टेजचा. पॉटवर फक्त आवाजाचा सिग्नल असायला हवा. आधीच्या टप्प्यातला कपलिंग कंडेन्सर (आवाज पुढे सोडून डीसी अडवणारा पार्ट) लीक झाला की डीसी पॉटपर्यंत पोचतो, आणि मधला पाय सरकला की स्पीकरमध्ये खरखर येते. तपासायचं असं: अ‍ॅम्प चालू, इनपुटला काही नाही, मीटर डीसी व्होल्टवर, आणि पॉटच्या दोन टोकांमधला फरक मोजा. चेसिसपासून (पत्र्याच्या सांगाड्यापासून) मोजू नका, कारण एकाच सप्लायवर चालणाऱ्या सर्किटमध्ये सगळंच निम्म्या व्होल्टेजवर बसलेलं असतं आणि उगाच घाबरायला होतं. फरक काही मिलिव्होल्ट आला तर ठीक. अर्धा-एक व्होल्ट आला तर पॉटच्या आधीचा छोटा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदला. पट्ट्याची बाजू उणे, व्होल्टेज जुन्याइतकं किंवा जास्त. तरी फरक राहिला तर आयसी बघा. तिच्यावर ४५५८ हा नंबर असेल तर १ आणि ७ नंबरचे पाय आउटपुटचे. दुहेरी सप्लाय (अधिक आणि उणे दोन्ही) असेल तर दोन्हीवर शून्याच्या जवळ यायला हवं.

फरक शून्याच्या आसपास असेल तर उरतं सोल्डरिंग. पॉटचं नट ढिलं असलं की बटणाचा सगळा जोर बोर्डावरच्या तीन टाक्यांवर येतो, आणि पायाभोवती केसाएवढी गोल चीर पडते. भिंगातून दिसते. ऐकायची असेल तर फोनवर तानपुरा लावून हळू आवाजात इनपुटला द्या. तो खर्जापासून वरच्या स्वरांपर्यंत भरलेला आणि अखंड असतो, त्यामुळे जरासा बदलही कानाला कळतो. मग कुल्फीच्या सुक्या काडीने पॉटच्या आजूबाजूला टकटक करा. काडी लाकडाचीच हवी, आणि दुसरा हात खिशात. मेन्सची वायर बोर्डाच्या जवळूनच जाते. कुणाकडे व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर त्याने हे वाचून झाकण उघडू नये, तिथे चारशे व्होल्टपर्यंत, कधी त्याहूनही जास्त असतात, बंद केल्यावरही टिकतात.

एक सोपी गोष्ट आधीच सांगायला हवी होती: बँजोच्या पिकअपचा स्वतःचा व्हॉल्यूम पॉटही खरखरतो. तो न हलवता फक्त अ‍ॅम्पचं बटण फिरवून बघितलंय ना?

या रविवारी आधी दोन टोकांमधला डीसी फरक घ्या, मग पॉट काढून दोन्ही आकडे. तिन्ही आकडे इथे लिहा. लॉग निघाला तर लिनिअर १००के घेताना दांड्याची लांबी आणि पायांमधलं अंतर जुन्याशी जुळवून घ्या, नाहीतर पॅनेलला भोक पाडायची वेळ येते.