तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ते आणि मांडणी कशी करावी? फ्लेक्स छापून घ्यावा का?

(प्रश्न थोडक्यात असा: मुलगी आठवीत आहे. शेवग्याच्या बियांनी गढूळ पाणी निवळण्याचा तिचा प्रयोग शाळेतून तालुक्याला निवडला गेलाय. हातात बारा दिवस आहेत. फ्लेक्स करावा का, तक्त्यावर काय लिहावं आणि परीक्षकांसमोर तिने काय बोलावं?)

फ्लेक्स छापू नका. त्या पैशात सारख्या मापाच्या चार काचेच्या बरण्या घ्या.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. वीसेक वर्षं मुलांना घेऊन तालुक्याला जातोय आणि मधली काही वर्षं परीक्षकाचा बिल्ला लावूनही मंडपात फिरलोय. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी काय दिसतं ते माहीत आहे.

आधी गुणांचं बघू. एनसीईआरटीने (शालेय शिक्षणाचं काम बघणारी केंद्राची संस्था) या प्रदर्शनांसाठी दिलेल्या निकषांत १०० पैकी २० गुण मुलांच्या स्वतःच्या कल्पकतेला आहेत. नावीन्य, वैज्ञानिक विचार, कारागिरी आणि उपयुक्तता यांना प्रत्येकी १५. कमी खर्च, ने-आण करायची सोय आणि टिकाऊपणा मिळून १०. राहिलेले १० सादरीकरणाला, आणि त्या दहातच मांडणी, प्रात्यक्षिक, समजावून सांगणं असं सगळं येतं. म्हणजे फ्लेक्स कितीही झगझगीत केला तरी तो या दहाच्या एका कोपऱ्यात बसणार. उलट बाजारातून करून आणलेलं दिसलं, की वरच्या विसाला कात्री लागते. तालुक्याच्या परिपत्रकात विभागणी थोडी इकडेतिकडे असू शकते. ते परिपत्रक शाळेतून मागून घ्या. बऱ्याचदा ते मुख्याध्यापकांच्या टेबलावरच पडून असतं.

फ्लेक्सवर माझा राग जुना आहे. एका वर्षी मीच हौसेने करून घेतला होता. मजकूर मोबाइलवर टाइप करून दुकानदाराला पाठवला, त्याच्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं फुटली आणि वेलांट्या भलत्याच अक्षरांना जाऊन चिकटल्या. सकाळी मंडपात उलगडून बघतो तर ‘विज्ञान’ हाच शब्द धड नाही. वर सकाळचं ऊन तिरपं येऊन फ्लेक्स असा चमकत होता की डाव्या बाजूचं काहीच वाचता येईना. शाळेचा हट्टच असेल तर मजकुराचा फोटो म्हणजे इमेज पाठवा, टाइप केलेला मजकूर नको, आणि छापण्याआधी पडद्यावरचा नमुना स्वतः वाचा.

आता मुख्य गोष्ट. या प्रयोगात खरं प्रदर्शन बरण्यांचं आहे, तक्ता त्यांच्या मागे उभा राहणारा. अडचण अशी की बियांची पूड घालून ढवळल्यावर गाळ नीट बसायला तास-दीड तास लागतो आणि परीक्षक तुमच्या टेबलापाशी चार मिनिटं थांबतात. म्हणून वेगवेगळ्या वेळी सुरू केलेल्या तीन बरण्या हव्यात: एक आत्ता ढवळलेली, एक अर्ध्या तासापूर्वीची, एक पूर्ण निवळलेली. चौथी बरणी तेवढ्याच गढूळ पाण्याची, सगळ्यात आधी भरलेली, पण पूड न घातलेली. ही चौथी विसरलात तर पहिला प्रश्न तोच येईल, ‘नुसतं ठेवलं असतं तरी गाळ बसलाच असता की!’ प्रश्न बरोबरच आहे. प्रत्येक बरणीवर सुरू केल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी लावा आणि मागे पांढऱ्या कागदावर काळ्या जाड रेघा मारून उभा करा. रेघा कुठल्या बरणीतून दिसतात नि कुठल्या नाही, हे बघणाऱ्याला कोणी सांगावं लागत नाही.

उद्‌घाटनाला पाहुणे उशिरा येतात, मग सत्कार, मग भाषणं. सकाळी नऊला लावलेल्या बरण्या परीक्षक येईपर्यंत सगळ्याच सारख्या दिसायला लागतात. म्हणून सुकी माती पुड्यांमध्ये मोजून न्या, बियांची पूडही प्रत्येक बरणीची वेगळी. परीक्षक मंडपाच्या त्या टोकाला शिरताना दिसले की पहिली बरणी नव्याने ढवळायला घ्यायची.

तक्त्यासाठी फ्रिजच्या किंवा कूलरच्या दुकानातून मोठा खोका मागून आणा. तो तीन भागांत दुमडला की टेबलावर स्वतःच्या पायावर उभा राहतो, दोरी लागत नाही, भिंत लागत नाही. सनबोर्ड असेल तर उत्तमच, पण पुठ्ठा चालतो आणि ‘कमी खर्चा’त जमेस धरला जातो. थर्माकोल नको, राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि पाणी स्वच्छ करण्याच्या प्रयोगामागे थर्माकोलची कमान बघून परीक्षक हसतात. पुठ्ठ्यावर कागद चिकटवताना एक गंमत होते. खळ किंवा फेव्हिकॉल वाळताना कागद आक्रसतो आणि पुठ्ठा पुढच्या बाजूला वाकतो. उपाय सोपा आहे, मागच्या बाजूलाही तसाच कागद चिकटवायचा आणि रात्रभर गादीखाली दाबून ठेवायचा.

तीन भागांत काय? डावीकडे प्रश्न आणि तिचा अंदाज. ‘प्रस्तावना’, ‘उद्दिष्टे’, ‘महत्त्व’ ही छापील मथळ्यांची रांग नको. ‘पावसाळ्यात आमच्या नळाला गढूळ पाणी येतं. शेवग्याच्या बिया तुरटीइतकं काम करतात का?’ एवढं पुरे. अर्थात तुमच्या नळाला तसं खरंच येत असेल तरच. मध्ये आलेख आणि एक मोठं चित्र. उजवीकडे काय सापडलं आणि काय जमलं नाही. ‘काय जमलं नाही’ हा कोपरा नव्वद टक्के टेबलांवर नसतो, आणि परीक्षक म्हणून माझे पाय तिथेच थांबायचे.

मथळा दहा पावलांवरून वाचता यायला हवा, म्हणजे अक्षरं किमान दोन इंच उंच. खालचा मजकूर बोटाच्या पेराएवढा, त्याहून बारीक नको. पिवळा नि फिकट हिरवा स्केचपेन घरीच ठेवा. काळा, गडद निळा आणि एखाद्याच ठिकाणी लाल. मजकूर तिच्याच हाताने लिहू द्या. आधी पेन्सिलीने ओळी आखायच्या, वाळल्यावर खोडायच्या. अक्षर वळणदार नसलं तरी चालतं, शुद्धलेखन मात्र दुसऱ्या कोणीतरी तपासावं. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही.

आलेखासाठी काहीतरी मोजलेलं हवं, ‘पाणी स्वच्छ झाले’ हे मोजमाप नाही. घरी जमणारी पद्धत अशी: उंच सपाट बुडाच्या काचेच्या ग्लासाखाली काळ्या शाईने फुली काढलेला कागद ठेवायचा, वरून बघत पाणी हळूहळू ओतायचं, फुली दिसेनाशी झाली की पाण्याची उंची पट्टीने मोजायची. पाणी जितकं निवळ, तितकी उंची जास्त. काठापर्यंत भरूनही फुली दिसत राहिली, तर ‘ग्लासच्या उंचीपेक्षा जास्त’ असं लिहायचं. ढवळल्यावर दर पंधरा मिनिटांनी, गाळ न हलवता वरचं पाणी काढून मोजायचं. नुसतं पाणी, शेवगा आणि तुरटी अशा तिघांची माती आणि वेळ सारखीच, प्रत्येक प्रयोग तीन-तीनदा. आडव्या अक्षावर मिनिटं, उभ्यावर सेंटीमीटर, आणि दोन्ही अक्षांची नावं लिहा. ती राहून जातात, दरवर्षी.

शास्त्रीय तत्त्व तिने दोन वाक्यांत सांगावं. मातीच्या बारीक कणांवर ऋण प्रभार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलतात आणि तरंगत राहतात. शेवग्याच्या बीमधल्या काही प्रथिनांवर धन प्रभार असतो. ती कणांना एकत्र आणतात, गोळे जड होतात आणि तळाशी बसतात. (आपल्याकडे निवळी नावाच्या झाडाच्या बिया पाण्याच्या भांड्याला आतून घासायची पद्धत होतीच. हे तक्त्यावर नाही लिहिलं तरी बोलताना सांगावं, परीक्षक वयस्कर असतील तर लगेच खुलतात.)

वही हा विषय मला जास्त जवळचा. नोंदवही मूळचीच ठेवा. पालक हौसेने ती सुवाच्य अक्षरात उतरवून, बाइंडिंग करून आणतात आणि तिथेच सगळं घालवतात. एकदा एका मुलाच्या वहीत मधलं पान ओलं होऊन शाई पसरली होती आणि शेजारी लिहिलं होतं, ‘ग्लास सांडला. परत करायचं.’ पुढच्या पानावर परत केलेल्या प्रयोगाची नोंद. मी आणि माझ्याबरोबरचे सर ती वही बघत इतका वेळ उभे राहिलो की मागच्या टेबलावरची मुलं कंटाळून खाली बसली. टंकलिखित अहवाल लागतोच, तो वेगळा द्या, पण ही वही टेबलावर उघडी हवी.

बोलण्याचं. पाठ करून घेऊ नका. पाठांतर केलेल्या मुलाला मध्येच प्रश्न विचारला की ते पुन्हा ‘आदरणीय परीक्षक महोदय’पासून सुरू करतं. तिला फक्त पहिलं वाक्य पक्कं असू द्या, आणि ते बोलतानाच हातात बरणी. पुढचं बरण्यांकडे बघून आपोआप सुचतं. सराव आजीसमोर करायला लावा. विज्ञान न शिकलेलं माणूस नेमका हवा तो प्रश्न विचारतं, ‘मग हे पाणी प्यायचं का गं?’

त्याचं उत्तर तिला यायलाच हवं: नाही, उकळूनच. गाळाबरोबर बरेच जंतू खाली जातात, सगळे नाही. शिवाय बियांमधले सेंद्रिय पदार्थ पाण्यात राहतात, म्हणून हे पाणी साठवून ठेवलं तर वास येतो. ‘आमच्या प्रयोगाने पाणी पिण्यायोग्य होते’ असं तक्त्यावर कुठे लिहिलं असेल तर आजच खोडा. बाकीचे ठरलेले प्रश्न म्हणजे हाच विषय का घेतला, किती वेळा केला, चुकलं काय, खर्च किती आला, घरातल्या कोणी कुठे मदत केली. शेवटच्या प्रश्नाला ‘बाबांनी पुठ्ठा कापून दिला’ असं सरळ सांगू द्या. माहीत नसेल तिथे ‘हे आम्ही तपासलं नाही’ म्हणायची सवय घरीच लावा, कारण ते वाक्य मंडपात पहिल्यांदा तोंडातून निघत नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी पिशवीत कात्री, टू-वे टेप, मार्कर, जुना टॉवेल, झाकणाची बादली आणि घरचं पाणी. मंडपात पाण्याची सोय कुठे असते ते शोधण्यात सकाळ जाते. टेबलक्लॉथऐवजी आईची जुनी सुती साडी मस्त, पण गडद रंगाची. आणि बरण्यांची झाकणं विसरू नका. परतीच्या जीपमध्ये चार बरण्या गढूळ पाणी मांडीवर धरून बत्तीस किलोमीटर मी आलोय.