सायकलवाले आणि गाडीवाले एकाच रस्त्यावर सुरक्षित कसे राहतील?

दोघांनी कोणत्या सवयी लावून घ्याव्यात, असं तुम्ही विचारलंय. मी सायकलही चालवतो आणि कारही. सवयींचं सांगतोच, पण आधी वेगाचं बोलू, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं.

समोर अचानक सायकल आली, तर पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी 30 किलोमीटरने चाललेली कार तेवढ्यात आठेक मीटर सरकते आणि रस्ता कोरडा असेल तर पुढच्या पाचेक मीटरांत उभी राहते. ताशी 50 ने येणारी त्याच सेकंदात जवळजवळ 14 मीटर जाते. म्हणजे पहिली जिथे थांबली, तिथे दुसरीचा ब्रेक लागायलाही सुरुवात झालेली नसते! शिवाय धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे इथे जवळजवळ पावणेतीन पट. म्हणून वस्तीत 30 ची मर्यादा हवी आणि जिथे गाड्या त्याहून जोरात जाणारच, तिथे कठडा घालून वेगळी केलेली सायकलवाट हवी. रंगवलेल्या पट्ट्याने गाडी अडत नाही. नेदरलँड्समध्ये 1970 च्या दशकात मुलांच्या अपघाती मृत्यूंनी हादरलेले लोक रस्त्यावर उतरले, तिथल्या आजच्या सायकलवाटांमागे ते आंदोलन आहे.

आता सवयी. एकदा उभ्या कारचं दार फाडकन उघडलं आणि मी सायकलसकट आपटलो. तेव्हापासून उभ्या गाड्यांपासून मीटरभर तरी अंतर ठेवतो. मागून हॉर्न वाजला तरी कडेला घुसत नाही. स्वतः कारमधून उतरताना दार लांबच्या हाताने उघडतो, त्यामुळे अंग वळतं आणि नजर आपोआप मागे जाते. सायकलला ओलांडताना दीड मीटर सोडा. तेवढी जागा नसेल तर मागे थांबा. खड्डा किंवा काच दिसली की सायकलवाल्याला बाजूला व्हावंच लागतं, तो मुद्दाम आडवा येत नसतो. रात्री पुढे पांढरा, मागे लाल दिवा हवाच.

आणि सिग्नलला ट्रकच्या बाजूला सायकल कधीच उभी करू नका, कितीही जागा दिसली तरी. ट्रक वळताना मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, आणि चालकाला नेमका तो कोपरा बरेचदा दिसत नाही. मागे राहा, ट्रक पूर्ण वळून जाऊ द्या, मग पायडल मारा.