धसमुसळ्या बोक्याच्या घरात नवं पिल्लू

प्रश्न : आमचा बोका दीड वर्षाचा आहे, नसबंदी झालेली आहे. पडद्यावर चढणं, चालणाऱ्याच्या पायांवर झडप घालणं, टेबलावरच्या वस्तू पाडणं असा दिवसभर धिंगाणा असतो. सोबत मिळाली तर शांत होईल म्हणून पुढच्या आठवड्यात दोन महिन्यांचं पिल्लू आणतोय. 'सोडा एकत्र, आपापसात बघून घेतील' असं सगळे सांगतात. तसं करावं का?

उत्तर : करू नका. दोन महिन्यांचं पिल्लू जेमतेम पाऊण ते एक किलोचं असतं, तुमचा बोका चार-साडेचार किलोचा असेल. त्याने निव्वळ मस्तीत घेतलेली उडीसुद्धा पिल्लाला जायबंदी करू शकते. दुसरं म्हणजे पहिल्याच दिवशी पिल्लू घाबरून पळालं आणि बोका मागे लागला, की 'हे पळतं, आपण पकडायचं' हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. ते नंतर मोडून काढण्यापेक्षा सुरुवातीचे दोन-तीन आठवडे सबुरीने घेणं कितीतरी सोपं. आणि सोबत मिळाल्यावर तो आपोआप शांत होईल, ही आशा सोडलेली बरी. त्याची रग जिरवणं हे पिल्लाचं काम नाही, तुमचं आहे.

पिल्लाला आधी दार बंद होईल अशा वेगळ्या खोलीत ठेवा. बोक्याशी भांडण होईल एवढंच कारण नाही. पॅनल्यूकोपेनिया (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार), शिंका आणि डोळ्यांतून पाणी येणारा कॅट फ्लू, नायटा, जंत, पिसवा यांतलं काहीही पिल्लासोबत घरात येऊ शकतं आणि लक्षणं दिसायला काही दिवस जातात. म्हणून १० ते १४ दिवस भांडी, अंथरूण, लिटर (शी-शूच्या ट्रेमधली वाळू) सगळं वेगळं ठेवायचं आणि पिल्लाला हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे. पशुवैद्याकडून फेलाइन ल्युकेमियाची (मांजरांत एकमेकांपासून पसरणाऱ्या, प्रतिकारशक्ती खचवणाऱ्या विषाणूची) तपासणी करून घ्या. पिल्लाचं लसीकरण ६ ते ८ आठवड्यांच्या वयात सुरू होतं आणि १६ आठवड्यांचं होईपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी मात्रा असते. बोक्याची लस राहिली असेल, तर ती पिल्लू येण्याआधीच द्या. पिसवांसाठी कुत्र्यांचं औषध मात्र चुकूनही वापरू नका. त्यांतल्या अनेकांत असलेलं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराच्या जिवावर बेततं.

या दिवसांत ओळख होऊ द्यायची ती वासाने. मांजर गालांनी वस्तूंना घासून आपला वास लावतं. तेव्हा एक स्वच्छ मोजा पिल्लाच्या गालांवरून हलकेच फिरवा आणि बोक्याच्या जेवणाच्या ताटलीपासून हातभर अंतरावर ठेवा. बोक्याचा मोजा तसाच पिल्लाच्या खोलीत. मोज्यावर फिस्कारला तर आणखी लांब सरकवा; हुंगून जेवायला वळला की रोज थोडा जवळ आणा. हे करताना पिल्लाला शिंका वगैरे काही नाही ना, एवढं बघा. अलग ठेवण्याची मुदत संपली की दिवसातून अर्धा तास जागांची अदलाबदल करा. बोका पिल्लाच्या खोलीत, पिल्लू बाहेर, आणि वाटेत गाठ पडू द्यायची नाही.

याच्याच जोडीने बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण सुरू करा. ताटल्या दारापासून दीड-दोन मीटरवर. दोघांनी ताटली चाटूनपुसून संपवली, तरच पुढच्या जेवणाला अर्ध्या फुटाने पुढे. मध्येच खाणं सोडून दाराकडे रोखून पाहिलं, तर घाई झाली समजा आणि मागच्या अंतरावर या. दाराला चिकटून दोघं निवांत खाऊ लागले, की मग एकमेकांना दिसू द्यायचं. लहान मुलांसाठी लावतात तसं आडवं फाटक चालेल, पण पिल्लू त्याच्या गजांमधून सहज निसटतं, म्हणून खालच्या भागाला जाळी बांधा. वरून चादर टाकून ठेवा आणि जेवणाच्या वेळी ती आधी फक्त वीतभर उचला.

सगळ्यांची इथेच एक गल्लत होते. बोका फिस्कारला की लोक हवालदिल होतात. वास्तविक फिस्कारणं म्हणजे 'लांब राहा' एवढंच, आणि पिल्लाला ते कळतं. काळजी करायची ती बोका गप्प झाल्यावर. मान पुढे, अंग जमिनीला टेकलेलं, डोळे पिल्लावर खिळलेले, मागचा भाग डावी-उजवीकडे हलतोय आणि शेपटीचं टोक थरथरतंय, ही शिकारीची तयारी आहे. झेप येण्याआधीच्या त्या दोन-चार सेकंदांत त्याची नजर तोडायची. त्याच्या बाजूने, पिल्लापासून दूर जाईल असा एखादा चेंडू सोडा. ओरडलात तर झेप आणखी लवकर येते.

फाटकाआड दोन-तीन दिवस असं काही घडलं नाही, तर प्रत्यक्ष भेट. त्याआधी १५ मिनिटं बोक्याला काठीला दोरी आणि पिसं बांधलेल्या खेळण्याने पळवा. तोंड उघडून धापा टाकायला लागेपर्यंत नव्हे, त्याआधीच थांबा. शेवटी ते पिसं त्याला पकडू द्या आणि लगेच थोडं खायला द्या. शिकार झाली, पोट भरलं, की तो अंग चाटायला बसतो. तो बसला की पिल्लाला आत घ्यायचं. पिल्लू हातात धरून दाखवायचं नाही. ते घाबरलं तर तुम्हाला ओरबाडेल आणि बोका तुमच्या अंगावर झेपावेल. पिल्लू जमिनीवरच हवं, आणि शक्यतो घरातली दोन माणसं हजर, एकेकावर एकेकाची नजर. पहिली भेट पाच मिनिटांची. सगळं छान चाललेलं असतानाच ती संपवा.

पिल्लाला लपता यावं म्हणून एक सोय आधीच करून ठेवा. जाड पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या खोक्याला साधारण ७ सेंटिमीटरचं भोक पाडा. पिल्लाचं डोकं त्यातून जातं, बोक्याचं जात नाही. खोकं उलटू नये म्हणून तळाशी वजन ठेवा. भोकाचं माप मात्र आपल्या मांजरांवर ताडून बघा आणि पिल्लू वाढेल तसं मोठं करा, नाहीतर एक दिवस तेच अडकून बसेल.

प्रश्न : आम्ही पहिल्याच दिवशी दोघांना एकत्र सोडलं. दहा दिवस झाले. बोका पिल्लाला खाली पाडून मानेला धरतो, पिल्लू किंचाळतं. हा खेळ आहे की मारामारी?

उत्तर : नुसतं मानेला धरण्यावरून ठरत नाही, खेळातही मांजरं मान धरतात. कान द्या. खेळ बहुतेक मुकाट्याने चालतो. लांबलचक गुरगुर आणि वारंवार किंचाळणं खेळात नसतं. मग पाळ्या बघा. कधी बोका वर, कधी पिल्लू वर, मध्येच दोघं थांबतात, एखादं अंग चाटून घेतं आणि पुन्हा सुरू, असं असेल तर चालू द्या. कान चपटे, शेपूट बाटली धुण्याच्या ब्रशसारखी फुललेली, केसांचे पुंजके उडतायत, किंवा दर वेळी एकच पाठलाग करतो आणि दुसरं फक्त पळतं, तर तो खेळ नाही. तरीही कळेनासं झालं तर दोघांच्या मध्ये पुठ्ठा धरून बोक्याला क्षणभर अडवा. पिल्लू उलट त्याच्याकडेच धावलं तर त्याला मजा येतेय. कपाटाखाली शिरलं तर नाही.

तुमचं पिल्लू दर वेळी किंचाळतंय, म्हणजे त्याला हे झेपत नाहीये. दोघांना आजपासून वेगळं करा आणि वर सांगितलेल्या दाराआडच्या जेवणापासून पुन्हा सुरुवात करा. दहा दिवस फुकट गेले असं वाटेल, पण वासाची ओळख झालेली असल्याने या खेपेला बहुधा लवकर जमतं.

जुंपलेली असताना हात मध्ये घालू नका. पुठ्ठा किंवा उशी सरकवा, नाहीतर वरून जाड चादर टाका. चवताळलेलं मांजर समोर येईल त्याला चावतं, आणि मांजराचा दात बारीक असला तरी खोल जातो. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. भांडणानंतर बोक्याला अंधाऱ्या शांत खोलीत काही तास एकटं सोडा; लगेच समजूत घालायला जाऊ नका. पाण्याची पिचकारी, टपली, आरडाओरडा यांचाही उपयोग नाही. पिल्लू दिसलं की आपल्याला त्रास होतो, एवढंच तो त्यातून शिकतो.

रोज दोन-तीन वेळा, १० ते १५ मिनिटं, बोक्याला मनसोक्त खेळवा. फूटभर लांबीचं, कापडाचे तुकडे भरलेलं लांबट खेळणं त्याला द्या. पुढच्या पायांनी कवटाळून मागच्या पायांनी लाथा झाडायची त्याची हौस त्यावर फिटते, ती पिल्लावर फेडायची गरज उरत नाही. लेझरच्या ठिपक्याने मांजर दमतं खरं, पण हाती काहीच लागत नाही म्हणून चिडचिडतं. वापरलाच तर शेवटी पकडता येईल असं काहीतरी पुढे टाका. दोरीची खेळणी खेळ झाल्यावर कपाटात. गिळलेला दोरा आतड्यात अडकला की शस्त्रक्रियेची वेळ येते.

आणि न्याय दोन्हीकडे हवा. झोपलेल्या बोक्याच्या शेपटीला लोंबकळणारं पिल्लूही काही कमी नसतं. बोक्याला पिल्लाचा हात पोचणार नाही अशी एखादी उंच फळी असू द्या.

प्रश्न : मोठी मांजर लिटर ट्रेच्या वाटेवर टपून बसते. पिल्लू आता गादीवर शू करतं. शिवाय पिल्लाचं खाणंही तीच फस्त करते.

उत्तर : मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त. म्हणजे तुमच्याकडे तीन हवेत, तेही तीन वेगळ्या जागी. शेजारी-शेजारी ठेवलेले तीन ट्रे मांजराच्या लेखी एकच, कारण एका ठिकाणी बसून तिन्हींची वाट अडवता येते. झाकणाचा ट्रे असेल तर झाकण काढा. आत बसलेल्याला बाहेर कोण आहे ते दिसत नाही आणि निघायला एकच तोंड असतं. ट्रे कोपऱ्यात कोंबण्यापेक्षा दोन बाजूंनी पळता येईल असा ठेवा. पिल्लासाठी एका बाजूची कड ५-६ सेंटिमीटरची हवी. मोठ्या मांजरीचा ट्रे तिच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट. लहान पिल्लं लिटर तोंडात घालून बघतात, त्यामुळे गोळे होणारं लिटर इतक्यात नको.

गादी एन्झाइमवाल्या क्लीनरने धुवा. अमोनियाच्या क्लीनरचा वास त्यांना लघवीसारखाच येतो आणि पिल्लू पुन्हा तिथेच बसतं. खाण्याचं म्हणाल, तर पहिल्या उत्तरातलं भोकाचं खोकं इथेही कामी येईल, ताटली आतच ठेवा. दिवसभर खाणं भरून ठेवू नका. पिल्लाला चार वेळा, मोठीला दोन-तीन वेळा, वेळ ठरवून. पिल्लाच्या खाण्यात उष्मांक जास्त असतात, त्यावर मोठी हां हां म्हणता सुटते.

प्रश्न : पिल्लू आल्यापासून बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतो, कण्हतो, पण लिटर कोरडंच. रागावून करतोय का?

उत्तर : राग नव्हे. हा मजकूर बाजूला ठेवा आणि त्याला आत्ता पशुवैद्याकडे न्या. ताणामुळे मूत्राशयाला सूज येते आणि बोक्याची मूत्रनलिका अरुंद असल्याने ती तुंबते. लघवी पूर्ण अडली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. तसंच नव्या मांजराच्या धसक्याने मोठ्या मांजराने २४ तासांहून जास्त काही खाल्लं नाही, तरीही वाट बघू नका. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ असेल तर, यकृतात चरबी साठू लागते.

प्रश्न : बोक्याची नसबंदी अजून झालेली नाही, पिल्लू मादी आहे. किती दिवस हाताशी आहेत?

उत्तर : फार नाहीत. मादी चौथ्या महिन्यातही माजावर येऊ शकते, आणि तिचं ऑपरेशनही त्याच सुमाराला करता येतं. बोक्याचं आत्ताच करून घ्या, कारण ऑपरेशननंतरही काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो. तिचं ऑपरेशन लांबलं, तर ती चार महिन्यांची झाल्यापासून तुमची पाठ फिरेल तेव्हा आणि रात्री दोघं वेगळ्या खोल्यांत.