गालिचा एक, पावत्या दोन

प्रश्न: मी मूळची पुण्याची. नोकरीमुळे दोन वर्षं माद्रिदला आहे आणि दोन महिन्यांनी कायमची परत येणार आहे. इथल्या रास्त्रो बाजाराजवळच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात हातविणीचा एक गालिचा पाहिला आणि मन त्यातच अडकलं. किंमत ९,००० युरो ठरली. त्यातले ३,००० दिले, उरलेले ६,००० ताबा घेताना द्यायचे आहेत. पावतीवर 'स्पॅनिश गालिचा, क्वेन्का, अठरावं शतक, स्पॅनिश गाठ' असं लिहिलं आहे. तो एका कॉन्व्हेंटमधून, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींच्या मठातून आला, असं दुकानदार तोंडी म्हणाला. भारतात कसा न्यायचा, असं विचारल्यावर तो म्हणाला, "विमानतळासाठी वेगळी पावती देतो, वापरलेला गालिचा, १९६० च्या सुमाराचा, ४०० युरो. कोणी बघत नाही." मध्यंतरी गालिचे दुरुस्त करणाऱ्या एका बाईंना फोटो दाखवले. त्यांच्या मते तो शंभर वर्षांचाही नसेल, जुना नमुना समोर ठेवून नंतर विणलेला असेल. आता काय करू? विसार बुडेल का? गालिचा आणता येईल का? ती दुसरी पावती घेऊ का?

उत्तर: ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ती दुसरी पावती घेऊ नका. दुकानदाराने तुमच्या पिशवीत घातली असेल तर परत करा, आणि परत केल्याचं त्याला ईमेलवर कळवा.

ही पावती बेकायदेशीर आहे हे तुम्हालाही जाणवलंच असेल, म्हणून तर तुम्ही विचारलंत. पण वकील म्हणून मला त्यात आणखी एक धोका दिसतो. उद्या गालिचा खरंच अलीकडचा निघाला आणि तुम्ही पैसे परत मागितलेत, तर दुकानदार हीच पावती पुढे करेल आणि म्हणेल, "बाईंना सगळं ठाऊक होतं. १९६० चा म्हणून मी लिहून दिलं आणि त्यांनी ते घेतलं." तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे 'अठरावं शतक' लिहिलेली पहिली पावती. दुसरी घेतलीत की पहिलीचं बळ तुम्ही स्वतःच्या हाताने घालवलंत.

आता मुळाकडे येऊ. तुमच्या प्रकरणात सगळं एकाच गोष्टीवर ठरतं, ती म्हणजे गालिच्याचं वय. स्पेनचा ऐतिहासिक वारशाचा कायदा १९८५ चा आहे, क्रमांक १६. त्याचं पाचवं कलम सांगतं की ऐतिहासिक वारशात मोडणारी शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर न्यायची तर आधी सरकारची स्पष्ट परवानगी हवी. वस्तू सरकारी सूचीत नोंदलेली असेल तर वय कितीही असो, परवानगी लागतेच. 'देशाबाहेर' म्हणजे युरोपीय संघातला शेजारी देशसुद्धा. गाडीत घालून लिस्बनला न्या आणि तिथून विमानात बसा, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो ऐकू नका.

परवानगीशिवाय वस्तू बाहेर गेली तर कलम २९ नुसार ती स्पेन सरकारच्या मालकीची होते. नुसता दंड भरून ती सोडवून आणता येत नाही, आणि कितीही वर्षं लोटली तरी सरकारचा हक्क संपत नाही. अशा वस्तूची किंमत ५०,००० युरो किंवा त्याहून जास्त असेल तर तो तस्करीचा गुन्हा होतो. तुमच्या गालिच्याची किंमत त्याखाली आहे, म्हणून तुरुंगाची भीती बाळगू नका. पण दंड आहे, आणि गालिचा तर जाईलच. हे नियम कागदावरच राहतात असं वाटत असेल तर एक प्रकरण सांगते. २०१५ मध्ये पिकासोचं १९०६ चं एक चित्र कॉर्सिकाजवळ एका नौकेवर पकडलं गेलं. मालक बडे बँकर होते, चित्र त्यांच्या स्वतःच्या मालकीचं होतं, तरी २०२० मध्ये माद्रिदच्या न्यायालयाने त्यांना शिक्षा सुनावली आणि चित्र सरकारकडे गेलं. तुमचं प्रकरण त्याच्यापुढे फार लहान आहे, पण मालकी आपली असली तरी बाहेर नेण्याचा हक्क वेगळा, हे तत्त्व तेच आहे.

परवाना मिळणं अवघड आहे का? बहुतेकदा नाही. संग्रहालयाच्या तोडीची नसलेली वस्तू अडवून ठेवण्यात सरकारला रस नसतो. अर्ज माद्रिद प्रांताच्या वारसा खात्यात करायचा. तो संस्कृती मंत्रालयाच्या तज्ज्ञ मंडळासमोर जातो. सोबत फोटो, मालकीचा कागद आणि तुम्ही जाहीर केलेली किंमत लागते. वस्तू युरोपीय संघाबाहेर जाणार असल्याने परवान्यावर शुल्कही आहे. कायद्यात ते अजून पेसेटा या युरोआधीच्या स्पॅनिश चलनाच्या हिशोबाने लिहिलेलं आहे. पहिल्या दहा लाख पेसेटांवर, म्हणजे साधारण ६,००० युरोंवर, ५ टक्के आणि त्यापुढच्या टप्प्यावर १० टक्के. ९,००० वर सुमारे ६०० युरो धरून चाला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण अनेकजण इथेच फसतात. तुम्ही अर्जात जी किंमत लिहाल ती कलम ३३ नुसार सरकारला दिलेला विक्रीचा प्रस्ताव ठरते, आणि तो मागे घेता येत नाही. परवाना नाकारला गेला तर सरकार सहा महिन्यांत त्याच किमतीला वस्तू घेऊ शकतं, आणि पैसे द्यायला त्यानंतर एक वर्ष मिळतं. शुल्क वाचवायला ४०० युरो लिहिलेत आणि मंडळातल्या कोणाला गालिचा ओळखता आला, तर तुमचा ९,००० चा गालिचा ४०० ला जाईल. जी किंमत दिलीत तीच लिहा.

कॉन्व्हेंटचा उल्लेख दुकानदाराने किंमत वाढवायला केला असेल, पण तो वाचून मी थांबले. तो अगदीच अशक्य नाही. स्पेनमधले पंधराव्या शतकातले प्रसिद्ध गालिचे कॉन्व्हेंटांमध्येच जपले गेले. पालेन्सियाच्या सांता क्लारा कॉन्व्हेंटमधून निघालेला, कास्तीयच्या नौदल प्रमुखाच्या घराण्याची चिन्हं असलेला गालिचा आज फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे. पण त्या काळच्या विक्रीला आजचा कायदा लागू नव्हता. आज चर्चच्या संस्थांकडच्या सूचीबद्ध जंगम वस्तू खासगी माणसाला किंवा व्यापाऱ्याला विकताच येत नाहीत. १९८५ च्या कायद्याने सुरुवातीच्या दहा वर्षांसाठी ही बंदी चर्चकडच्या सगळ्याच वारसा-वस्तूंना लागू केली होती आणि पुढे ती मुदत वाढवली गेली. म्हणून दुकानदाराला लेखी विचारा: कोणत्या कॉन्व्हेंटमधून, कोणत्या साली बाहेर पडला, आणि तुमच्याकडे कोणाकडून आला? अशा वस्तूंचा नेहमीचा व्यापार करणाऱ्यांनी व्यवहारांची नोंदवही ठेवायची असते. या गालिच्याची त्यातली नोंद मागा. 'तसं ऐकलं होतं' एवढंच उत्तर आलं तर कॉन्व्हेंटची गोष्ट मनातून काढून टाका. साल १९८५ नंतरचं आलं, तर एक पैसाही पुढे देऊ नका आणि लगेच स्पॅनिश वकिलाकडे जा.

आता दुसरी शक्यता घेऊ. दुरुस्तीवाल्या बाईंचं म्हणणं मला गंभीर वाटतं. स्पॅनिश गाठ ही खास त्या देशाची. लोकरीचा धागा ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांपैकी, एकाच धाग्याभोवती फिरवतात आणि मधला एक धागा सोडून पुढे जातात. तुर्की गाठ दोन धाग्यांना बांधतात. त्यामुळे गाठ पाहून 'स्पॅनिश' म्हणता येतं, पण 'अठरावं शतक' म्हणता येत नाही, कारण विसाव्या शतकात स्पेनमधल्या अल्काराझ आणि क्वेन्का या गावांच्या जुन्या नमुन्यांवरून त्याच गाठीत भरपूर गालिचे विणले गेले. माद्रिदचा शाही तापेस्त्री (विणलेली भिंतचित्रं) कारखाना १७२१ मध्ये सुरू झाला आणि आजही तिथे हाताने गालिचे विणतात.

वय ठरवण्यासाठी कार्बन चाचणीवर खर्च करू नका. साधारण १६५० ते १९५० या काळासाठी ती चाचणी नेमकं साल सांगू शकत नाही, आणि तुमचा वाद नेमका त्याच काळातला आहे. रंगाची चाचणी करा. पहिला कृत्रिम रंग १८५६ मध्ये निघाला. मूळ लोकरीत कृत्रिम रंग सापडला तर अठराव्या शतकाचा दावा तिथेच संपतो. नमुना मात्र तीन-चार ठिकाणांहून, गाठीच्या बुडातून आणि रफू नसलेल्या जागेवरून घ्यायला सांगा. नाहीतर दुकानदार म्हणेल की तो रंग नंतरच्या दुरुस्तीचा आहे. एक अडचण आहे. नैसर्गिक रंग निघाले म्हणून गालिचा जुना ठरत नाही, कारण नंतरच्या विणकरांनीही ते वापरले. त्यामुळे चाचणीसोबत वस्त्रतज्ज्ञाचा सहीचा अहवाल हवा. शाही कारखान्यात दुरुस्ती आणि जतनाचं कामही होतं. तिथे विचारून पाहा.

गालिचा शंभर वर्षांच्या आतला निघाला तर तुमची बाजू भक्कम आहे. ग्राहकाला विकलेली वस्तू वर्णनाप्रमाणेच हवी, असं तिथला ग्राहक कायदा सांगतो, आणि तुमचं वर्णन तर पावतीवरच आहे. जुनी वस्तू म्हणून दुकानदार जबाबदारीची मुदत कमी ठरवू शकतो, पण एक वर्षाहून कमी नाही. अठराव्या शतकाचा दुसरा गालिचा बदलून मिळणार नाही, म्हणून उपाय दोनच उरतात: व्यवहार रद्द करून ३,००० परत घेणं, किंवा किंमत कमी करून घेणं. तुम्ही दुकानात जाऊन घेतला आहे, त्यामुळे ऑनलाइन खरेदीला मिळणारी १४ दिवसांत परत करण्याची सवलत तुम्हाला नाही. तिच्या भरवशावर राहू नका.

विसाराबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो. स्पेनच्या दिवाणी संहितेत कलम १४५४ आहे: विकत घेणाऱ्याने माघार घेतली तर त्याचा विसार जातो, विकणाऱ्याने घेतली तर त्याला दुप्पट परत द्यावा लागतो. पण करारात तसं स्पष्ट लिहिलं असेल तरच न्यायालयं हे लावतात. तुमच्या पावतीवर नुसतं 'सेन्याल', म्हणजे आगाऊ रक्कम, असं लिहिलं असेल तर ३,००० हा किमतीचा भाग. याचा अर्थ मन बदललं म्हणून तुम्ही मोकळ्या होत नाही, पण दुकानदाराचं वर्णन खोटं निघालं तर विसार बुडत नाही.

उरलेले ६,००० युरो तुमच्या हातात आहेत तोवर वाटाघाटीत वजन तुमचं आहे. म्हणून या आठवड्यात त्याला बुरोफॅक्स पाठवा. पोस्टातून जाणाऱ्या या पत्रात, मजकूर प्रमाणित करण्याची सेवा मागितली तर, आत काय लिहिलं होतं तेही प्रमाणित होतं, आणि तिथली न्यायालयं ते मानतात. त्यात तीन गोष्टी मागा: वय आणि मूळ याबद्दल सहीचं प्रमाणपत्र, तज्ज्ञाकडून तपासणी होईपर्यंत ताबा आणि बाकी रक्कम पुढे ढकलणं, आणि परवाना नाकारला गेला तर व्यवहार रद्द होऊन विसार परत, असं जोडपत्र. तो खरा व्यापारी असेल तर सही करेल. नाही केली तर त्याच्याच दुकानात 'ओखा दे रेक्लामासिओनेस', म्हणजे तक्रारीचा फॉर्म मागा. तो देणं त्याला बंधनकारक आहे. कोर्टाची पायरी सगळ्यात शेवटी. एप्रिल २०२५ पासून दावा लावण्याआधी तडजोडीचा प्रयत्न झाल्याचं दाखवावं लागतं, आणि तुमचं बुरोफॅक्स तिथेही कामी येईल.

परवान्याला दोन महिने पुरतील असं धरू नका. गालिच्यासाठी विमानाचं तिकीट पुढे ढकलू नका, आणि गालिचा सोबत नेण्याचीही घाई नको. माद्रिदमधल्या एखाद्या विश्वासू मैत्रिणीकडे तो लेखी नोंद करून ठेवा आणि परवाना आल्यावर कार्गोने मागवा.

मुंबईच्या बाजूचं थोडक्यात सांगते. गालिचा सामानातून आणलात तरी भारताच्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे तो जाहीर करावा लागतो. किंमत खोटी सांगितली तर माल जप्त होऊ शकतो, आणि खोटी पावती जाणूनबुजून वापरली तर कलम ११४अअ खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी सीमाशुल्काच्या तक्त्यात ९७०६ हा वेगळा शीर्षक क्रमांक आहे, साध्या गालिच्याचं प्रकरण वेगळं. त्यामुळे वयाचा अहवाल इथेही लागेल. दर बदलत राहतात. माल निघायच्या आधी कस्टम्स ब्रोकरकडून त्या दिवसाचा दर लिहून घ्या.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या अशिलांना नेहमी उशिरा कळते. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तू येतात, आणि ती वस्तू भारतातच बनलेली असावी असं व्याख्येत म्हटलेलं नाही. अशी वस्तू खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही. उद्या पुन्हा परदेशी बदली झाली आणि गालिचा खरंच अठराव्या शतकातला असला, तर तो सोबत नेताना अडचण येईल. आयातीचे सगळे कागद आणि स्पेनचा परवाना जन्मभर जपून ठेवा.

मला विचाराल तर बाईंचं म्हणणं खरं निघालं तरी हिरमुसू नका. शंभर वर्षांच्या आतल्या, सूचीत नसलेल्या गालिच्याला परवाना लागत नाही. तज्ज्ञाचा अहवाल सोबत ठेवायचा, किंमत खऱ्या वयाप्रमाणे कमी करून घ्यायची, आणि तुम्हाला आवडलेला गालिचा तुमच्या घरी येतो.

बुरोफॅक्स पाठवण्याआधी एक काम करा. दुकानात जा, गालिचा उलटा करायला सांगा आणि चारही कडा, विशेषतः कोपरे, दिवसाच्या उजेडात पाहा. माद्रिदच्या कारखान्यातल्या अनेक गालिच्यांच्या कडेला खूण आणि साल विणलेलं असतं. एखादा कोपरा कापून पुन्हा बांधलेला किंवा वेगळ्या लोकरीने भरलेला दिसला, तर त्याचे जवळून फोटो काढा आणि पहिल्या पावतीच्या दोन्ही बाजूंच्या प्रतीसोबत मला पाठवा. पत्राचा मसुदा त्यानंतर करू.