तालुका कोर्टात हरल्यावर पुढे कुठे?

प्रश्न : वडील २०११ साली वारले. भावांनी वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर फक्त स्वतःची नावं लावून घेतली. मी वाटपाचा दावा लावला, तो तालुक्याच्या कोर्टात, कनिष्ठ स्तर न्यायाधीशांपुढे, फेटाळला गेला. त्याला पंधरा दिवस झाले. फेरफाराविरुद्धचं अपील प्रांतांकडे वेगळंच चालू आहे. गावातले म्हणतात, आता न्याय सुप्रीम कोर्टातच मिळेल. एका जमिनीसाठी इतकी कोर्टं का, आणि मी कुठे जाऊ?
— एक वाचक भगिनी, कोरेगाव तालुका, जि. सातारा

उत्तर : ताई, मुदतीचं तुम्हाला लगेच पत्राने कळवलं होतं, इतरांसाठी पुन्हा लिहिते. जिल्हा न्यायालयात अपील करायला हुकूमनाम्यापासून, म्हणजे निकालावरून कोर्टाने काढलेल्या लेखी हुकुमापासून, ३० दिवस मिळतात. त्या मुदतीत निकालाच्या नकलेचा अर्ज दिला, तर नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्यातून वगळतात. उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज जोडता येतो, पण मग प्रत्येक दिवसाचं कारण सांगत बसावं लागतं.

आता गावातल्या सल्ल्याबद्दल. मी साताऱ्यात वर्षानुवर्षं दिवाणी कामं चालवते आणि एकच गोष्ट कळकळीने सांगते : तुमची सगळी ताकद जिल्हा न्यायालयातल्या पहिल्या अपिलात लावा. तिथे जिल्हा न्यायाधीश साक्षी, कागद, उलटतपास सगळं नव्याने तपासतात. खालच्या कोर्टाने साक्षीदारावर विश्वास ठेवला तो बरोबर की चूक, हेही तेच ठरवतात. त्यानंतर हायकोर्टात दुसरं अपील होतं, पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १९७६ च्या दुरुस्तीपासून त्यासाठी कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो. ‘साक्षीदार खोटं बोलला’ एवढ्यावर ते दाखल करून घेत नाहीत. सुप्रीम कोर्टात तर तुमच्यासारख्या कामात विशेष परवानगी मागावी लागते. न्यायमूर्ती मोजकेच, आणि काम सगळ्या देशाचं. परवानगी नाकारली की विषय तिथेच संपतो. पहिल्या अपिलाकडे उपचार म्हणून बघून, जुनाच मजकूर टाईप करून आणणारे पक्षकार पाहिले की माझा जीव तुटतो. पुढे हायकोर्टात ते सांगतात, अमुक कागद तर पुढे आलाच नव्हता. तोवर फार उशीर झालेला असतो.

सुप्रीम कोर्टात न जाताही तिथलं तुमच्या कामाला येतं, हे मात्र गावात कुणी सांगत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ प्रमाणे सुप्रीम कोर्टाने सांगितलेला कायदा देशातल्या प्रत्येक कोर्टावर बंधनकारक आहे. अमेरिकेत केंद्राची आणि राज्यांची कोर्टं वेगळी असतात. आपल्याकडे साखळी एकच, त्यामुळे तालुक्याचा न्यायाधीश संसदेचा आणि विधिमंडळाचा कायदा दोन्ही लावतो. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ठरवलं, की एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीचा हक्क जन्मानेच असतो, हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती आली तेव्हा वडील हयात असोत वा नसोत. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर नोंदवलेलं वाटप असेल तर ते उलटवता येत नाही. तुमच्या भावांनी तसं काही दाखल केलंय का, निकालात बघा. दावा नक्की कोणत्या मुद्द्यावर फेटाळला तेही वाचा, कारण अपिलाचा मसुदा त्यावरच उभा राहील.

प्रांतांचं प्रकरण वेगळं का? तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत ही महसुलाची माणसं. फेरफार मुळात सारा, म्हणजे जमिनीचा सरकारी कर, कोणाकडून घ्यायचा यासाठी, त्याने मालकी ठरत नाही. मालकी दिवाणी कोर्ट ठरवतं, आणि तो हुकूमनामा महसूल खात्याला पाळावा लागतो. म्हणून प्रांतांकडचं अपील चालू ठेवा, पण तिथे हरलात तरी खचू नका. उलट वाटपाचा दावा जिंकलात तरी महसूल खात्याशी संबंध येणारच, कारण सारा असलेल्या शेतजमिनीत हिस्सा किती ते कोर्ट सांगतं, प्रत्यक्ष फाळणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडून होते.

अपिलासोबत मनाई हुकुमाचा अर्ज द्या, नाहीतर भाऊ मधल्या काळात जमीन विकून मोकळे होतील. शिवाय प्रकरण प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवून घ्या. महाराष्ट्रात अशी नोंद केल्याशिवाय, मधेच खरेदी करणाऱ्यावर प्रलंबित दाव्याचं बंधन धरत नाहीत. हा आपल्या राज्यातला खास बदल आहे आणि तो पुष्कळांना माहीत नसतो.

हायकोर्टात जायची वेळ आलीच तर आता मुंबई गाठायला नको. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामं १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालतात. त्यासाठी आमच्या वकील मंडळींनी कित्येक वर्षं आंदोलनं केली, आणि त्याचं मोल तुमच्यासारख्या पक्षकारांच्या एस.टी.च्या भाड्यात दिसतं.

खर्चाची काळजी तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, तरी सांगते. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. साताऱ्याला जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, किंवा १५१०० वर फोन करा. जाताना निकालाची नक्कल, सातबारा, सगळे फेरफार आणि वडिलांचा मृत्यूचा दाखला सोबत असू द्या.